आई कोकणातली, बाबा केरळचे: शाळेच्या खाद्यमेळाव्याला पातोळी आणि इला अडा

‘आपल्या घरचा पदार्थ आणा’ अशी चिठ्ठी शाळेतून आली, की दोन प्रांतांच्या घरात पहिला विचार येतो तो दोन पदार्थ एकत्र करण्याचा. तो टाळा. मोदकात अवियल (केरळची मिश्र भाजी) भरून मुलाला कोणतंच घर सांगता येत नाही. दोन्ही आज्या आधीपासून करत आल्या आहेत असा पदार्थ शोधा. आई कन्नड आणि बाबा मराठी असतील तर पुरणपोळी आणि होळिगे, तमिळ घर असेल तर आप्पे आणि कुळीपणियारम. कोकण आणि केरळ एकत्र आले असतील, तर पातोळी आणि इला अडा यांच्याइतकी चांगली जोडी नाही.

तांदळाची उकड, गूळखोबऱ्याचं सारण आणि पानात वाफवणं, हे दोन्हीकडे सारखंच. फरक मुख्यतः पानाचा. कोकण-गोव्यात हळदीचं पान, केरळात बहुधा केळीचं. (मल्याळममध्ये ‘इला’ म्हणजे पान.) गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मारियेच्या (येशूच्या आईच्या) सणाला, पातोळ्या होतात, तर हिंदू घरांत नागपंचमीला. म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला हा पदार्थ अगदी वेळेवर येतो. तेव्हा हळदीची पानंही मिळतात.

३० लहान नगांसाठी ३ वाट्या तांदळाचं बारीक पीठ, तेवढंच उकळतं पाणी, पाऊण चमचा मीठ आणि १ चमचा तूप घ्या. सारणाला दोन मध्यम नारळांचा चव (साधारण ४ वाट्या), २ वाट्या चिरलेला गूळ आणि ८-१० वेलदोड्यांची पूड. काजू घालू नका, वर्गात कुणाला सुकामेवा चालत नसेल तर सगळाच डबा परत येतो. नारळाचंही शिक्षकांना आधी कळवा.

सारण आदल्या संध्याकाळी करून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. मध्यम आचेवर ८-१० मिनिटं पुरतात. ते कढईला चिकटेनासं झालं, पण ओलसर दिसतंय, तेव्हाच उतरवा. गूळ जास्त शिजला तर गार झाल्यावर सारण चिक्कीसारखं घट्ट होतं. कमी शिजला तर पाक वाफेत पातळ होऊन पानातून गळतो.

उकड मात्र सकाळीच. पिठात मीठ-तूप घालून उकळतं पाणी ओता, ढवळा, १० मिनिटं झाका आणि गरम असतानाच मळा. मोदकाच्या उकडीपेक्षा ती सैल हवी, ओल्या बोटाने पसरता यावी. पाणी कोमट असेल तर पीठ नीट चिकटत नाही आणि घडीवर चीर जाते.

हळदीची ८ पानं धुऊन प्रत्येकी दोन तुकडे करा, मधली जाड शीर मागच्या बाजूने तासून टाका. केळीच्या पानाचे वीतभर तुकडे गॅसच्या आचेवरून भरभर फिरवा. ते चमकदार आणि मऊ झाले की दुमडताना फाटत नाहीत. १५ नग एका पानात, १५ दुसऱ्या पानात करा, कारण मुलाला सांगायचं आहे ते नेमकं इथेच कळतं: आत तेच, वास मात्र वेगळा.

पानावर उकड दोन-तीन मिलिमीटर जाड थापा, कडेला बोटभर जागा सोडा. अर्ध्या भागावर चमचाभर सारण पसरा, पान दुमडा, कडा दाबा. पाणी खळखळ उकळल्यावरच मोदकपात्रात ठेवून १२-१५ मिनिटं वाफवा. एका वेळी ८-१० नग मावतात, म्हणजे चार घाण्यांना सव्वा तास तरी धरा.

गरम पान सोलू नका, उकड त्याला चिकटून येते. फडक्याखाली अर्धा तास निवू द्या, मग पानासकटच डब्यात भरा. गरमच झाकण लावलं तर वाफेचं पाणी साठून नग चिकट होतात आणि ओलं खोबरं लवकर आंबतं. दुपारपर्यंत संपवा.

हिवाळ्यात हळदीची पानं नसतील तर सगळे केळीच्या पानात करा. पिठात हळदपूड घालून तो वास येत नाही.

डब्याशेजारच्या कार्डावर ‘पातोळी’ आजीकडून देवनागरीत आणि दुसरं नाव अच्चम्माकडून (बाबांच्या आईकडून) मल्याळम लिपीत लिहून घ्या. खाली ठळक अक्षरांत: पान सोलून खा.