बंदरावर चित्राला बसण्याआधी तिथी बघा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली, पुढे आर्ट स्कूल झालं किंवा निदान दोन-चार वर्कशॉप झाली, आणि मग नोकरी-संसारात ब्रश बाजूला पडला, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, कसा द्यायचा, कागद कसा ताणायचा, हे तुम्हाला येतं असं मी धरते. मी स्वतः कमर्शियल आर्ट करून वर्षानुवर्षं खोक्यांची आणि पाकिटांची डिझाइन्स केली. त्या काळात स्वतःसाठी एकही चित्र काढलं नाही. वडिलांच्या आजारपणामुळे रत्नागिरीच्या घरी लांबचा मुक्काम पडला, तेव्हा तिथल्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांनी मला पुन्हा कागदासमोर बसवलं. तो आनंद कसा असतो ते सांगत बसत नाही. तुम्ही परत येऊ बघताय, म्हणजे तुम्हाला तो आठवतोच आहे.

पण होडी हा सोपा विषय नाही. सोपा वाटतो, कारण लहानपणी प्रत्येकाने ती काढलेली असते: खाली अर्धगोल, वर त्रिकोणी शिड. हाताला ती इतकी पाठ असते की समोरची खरी होडी दिसतच नाही. खऱ्या होडीच्या काठाची रेघ मध्ये बसकी होत जाते आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, उचलते. तिरक्या बाजूने पाहिलं तर जवळच्या काठाचा बाक आणि पलीकडच्या काठाचा बाक सारखे नसतात. यावर व्हिडिओंमध्ये आडव्या आठाची युक्ती सांगतात. आडवा आठ काढा, एक टोक नाळ, दुसरं टोक मागची बाजू. दोन्हीकडे निमुळत्या लहान होडीसाठी ती चालते. ट्रॉलरची मागची बाजू चौकोनी आणि रुंद असते, तिथे हा आठ तुम्हाला हमखास फसवतो. युक्ती पहिल्या दिवशी वापरा आणि सोडून द्या. युक्त्यांवर जगणारे लोक मी पाहिले आहेत, दहा वर्षांनीही त्यांची प्रत्येक होडी एकाच साच्यातली असते.

आता ती जागा, जिथे मी सर्वांत जास्त काळ अडकून पडले. याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मला हे कुठल्याही वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

लक्षण असं. एकेक होडी पाहिली तर बरी दिसते, पण पूर्ण चित्र चुकलेलं वाटतं. होड्या पाण्यात बसत नाहीत, वर तरंगत राहतात. धक्का कललेला भासतो. मग आपण रंगाला दोष देतो, कागद बदलतो, आणखी महागडा ब्रश आणतो. काही उपयोग होत नाही. मला याचं कारण सांगितलं ते होड्या बांधणाऱ्या एका सुतारकाकांनी. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि म्हणाले, "ताई, हिची नाळ भरतीची आणि मागचा भाग सुकतीचा. एवढा वेळ बसलात का?" सुकती म्हणजे ओहोटी. होय, सकाळभर बसले होते. आणि तेवढ्या वेळात पाणी धक्क्याच्या पायऱ्या सोडून खूप खाली गेलं होतं.

यामागचं शास्त्र तुम्हाला माहीत आहे, फक्त समुद्रावर ते वापरायचं राहून जातं. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्याच्या उंचीवर असतं. तुम्ही वाळूवर पाण्याला लागून उभ्या असाल, तर डोळा पाण्यापासून साधारण पाच फुटांवर. मग क्षितिजाची रेघ जवळच्या काय आणि लांबच्या काय, प्रत्येक होडीला तिच्या पाण्याच्या रेघेपासून पाच फुटांवरच छेदणार. लहान होडीचा काठ दोन फुटांवर असेल तर तो क्षितिजाखाली राहील आणि तुम्हाला होडीच्या आतलं दिसेल. ट्रॉलरची नाळ आठ फूट उंच असेल तर ती क्षितिजाच्या वर जाईल आणि तिच्यामागचा डेक दिसणार नाही. वाळूवर उभं राहून काढलेल्या चित्रात लांबच्या ट्रॉलरचा डेक दिसत असेल, तर तो तुम्ही पाहिलेला नाही, मनाने भरलेला आहे.

धक्क्यावर हेच प्रकरण अवघड होतं, कारण धक्का जागेवर असतो आणि पाणी हलतं. समजा तुम्ही स्टुलावर बसला आहात, डोळा धक्क्यापासून सव्वा मीटरवर, आणि पूर्ण भरतीला पाणी धक्क्याखाली एक मीटर आहे. म्हणजे डोळा पाण्यापासून सव्वादोन मीटरवर. होडीच्या केबिनचं छप्पर पाण्यापासून तीन मीटरवर असेल तर ते क्षितिजाच्या वर दिसेल, आणि छपराचा वरचा भाग तुम्हाला दिसणार नाही. आता पाणी दोन मीटर उतरलं. डोळा पाण्यापासून सव्वाचार मीटरवर गेला. तेच छप्पर क्षितिजाखाली आलं, त्यावर वाळत टाकलेले कपडे दिसायला लागले, आणि मघाशी पट्टीसारखा दिसणारा डेक उघडा पडला. होडी तीच, तुम्ही त्याच जागी, पण हे दुसरंच चित्र आहे. पहिली नाळ आधीच्या पाण्यावर आणि केबिन नंतरच्या पाण्यावर काढली, तर कुठलाही रंग ते चित्र वाचवू शकत नाही.

त्यातून पाणी एकसारख्या गतीने उतरत नाही. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि एक. मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक चार मीटरच्या वरही जातो. दक्षिणेला मालवणकडे जावं तसा कमी होतो. चार मीटर धरले तर मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर खाली जातं, आणि अगदी टोकाच्या तासात जेमतेम फूटभर. म्हणून धक्क्याला बांधलेल्या होड्या काढायच्या असतील तर पूर्ण भरतीच्या किंवा पूर्ण ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढाच वेळ घ्या. दोन तासांत पाव इम्पिरियलचं, म्हणजे मोठ्या कागदाच्या चौथाईचं, चित्र होतं. होत नसेल तर आणखी लहान कागद घ्या.

ही वेळ काढायला अॅप आहेत, छापील तक्ते आहेत. पण मला जुना हिशोब आवडतो आणि तो लक्षात राहतो: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरे. सकाळच्या कोवळ्या तिरप्या उजेडात भरलेलं पाणी हवं असेल तर पौर्णिमेला जाऊन उपयोग नाही, त्या दिवशी सकाळी सहाला ओहोटी असते. अष्टमीला जा. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी असतं, वरखाली कमी होतं. नवशिक्याने सुरुवात अष्टमीपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

नांगरावरच्या होड्यांचं गणित वेगळं. त्या प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि पाणी फिरलं की सगळ्याच्या सगळ्या वळतात. म्हणजे धक्क्याच्या होड्यांना जी वेळ चांगली, तीच यांना सर्वांत वाईट. या होड्या भरती अर्ध्यावर असताना काढा. लांब असल्यामुळे पातळीतला फरक फारसा जाणवत नाही.

बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी करा. क्षितिजाची रेघ मारा, ते इमारतींमागे दडलेलं असलं तरी. समोरच्या भिंतीवर पाणी कुठवर आहे त्याची कागदावर खूण करा. कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहा. मग सगळ्या होड्यांच्या पाण्याच्या रेघा आणि काठ आधी ठरवा, तपशील नंतर. एकदा ठरवलेलं पुढे दुरुस्त करायचं नाही. पाणी उतरलं तर उतरू द्या, तुमचं चित्र खूण केली त्या वेळेचं आहे. हे ऐकायला कडक वाटतं, पण याने हात मोकळा होतो. तीन-चार चित्रांतच होड्या पाण्यात बसायला लागतात, हे मी खात्रीने सांगते. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी हे केलं, त्या सगळ्यांना फरक दिसला.

मग फोटोच का काढू नये, असं लगेच विचारलं जातं. फोटो जरूर काढा, दोरखंडांसाठी, रंगांसाठी. पण मोबाईलची लेन्स रुंद असते, कडेला आलेली नाळ ती ताणून लांब करते, आणि फोटो उभ्याने काढून चित्र बसून काढलं तर डोळ्याची उंची तिथेही दोन होते. व्हॅन गॉग १८८८ च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-मारीच्या किनाऱ्यावर गेला, तेव्हा होड्या पहाटेच समुद्रात निघून जायच्या, रंगवायला वेळच मिळायचा नाही. त्याने पहाटे जाऊन रेखाटन केलं आणि त्यावरून आर्लला, तेव्हा तो राहत होता त्या गावी, परतून तैलचित्र केलं. त्याच्या त्या सहलीतल्या एका चित्रात कुठला भाग कुठल्या रंगाचा हे शब्दांत लिहिलेलं आहे. तुमच्याकडे सुटीची एकच सकाळ असेल तर हीच पद्धत धरा: बंदरावर फक्त रेखाटन आणि रंगांची टिपणं, रंगकाम घरी. फोटोवरून होडी नकलून आणण्यापेक्षा यात तुम्ही दसपट शिकता.

गुरूंबद्दल. विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा ब्रश चालवणारा गुरू टाळा. चित्र क्षणात सुधारतं, घरी नेऊन भिंतीवर लागतं, आणि तुमच्या हाताला काहीही मिळालेलं नसतं. प्रात्यक्षिकं पाहण्याचाही एक धोका आहे. पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आपण पुढच्या प्रात्यक्षिकाची फी भरतो. मला होडी शिकवली ती सुतारकाकांनी आणि एका तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांनी. दोघांनाही चित्रातलं काही कळत नाही असं ते म्हणायचे, पण होडी कुठे जड आहे, माल भरल्यावर किती बुडते, नांगर सोडल्यावर कुठे वळते, हे त्यांना डोळे मिटून माहीत होतं. चित्र दाखवा, गप्प बसा आणि ऐका. ही माणसं खोटी वाहवा करत नाहीत.

रंगांचं थोडक्यात. आपल्याकडचा किनाऱ्यालगतचा समुद्र निळा नसतो. खाडीच्या तोंडाशी तो गढूळ पिवळट-हिरवा असतो, त्यामुळे मातकट पिवळा यलो ऑकर आधी आणि आकाशी निळा सेरुलियन नंतर. काळ्या होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं फिकं, पांढऱ्या होडीचं थोडं गडद. आणि प्रतिबिंब म्हणजे उलटी केलेली होडी नव्हे: पाण्यात होडीची खालची बाजू जास्त दिसते, डेक दिसत नाही. दमट हवेत वॉश वाळायला वेळ लागतो, म्हणून एकाच वेळी दोन कागद चालू ठेवा. कागद मात्र तीनशे ग्रॅमचा सुती घ्या. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, कागदात काटकसर नको.

धक्क्यावर जाताना हे कायम लक्षात ठेवा की ती लोकांची कामाची जागा आहे. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, दोर यांच्या वाटेत स्टूल टाकू नका. ससून डॉकसारख्या ठिकाणी आधी परवानगी घ्या. हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग, बैलगाड्या पाण्यात उतरतात. तिथे पहिल्याच दिवशी कागद काढाल तर गोंधळून जाल. आधी नुसतं पाहा.

विक्रीबद्दल फार विचारलं जातं. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनाची तारीख मिळायला खूप थांबावं लागतं, तोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या आणि राज्य कला प्रदर्शनाच्या प्रवेशिका भरत राहा. नाकारलं गेलं तर मनाला लावून घेऊ नका; माझी चित्रं अजूनही नाकारली जातात आणि त्या संध्याकाळी मला अजूनही वाईट वाटतं. पण नोकरी सोडून यात उडी घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. होड्यांची चित्रं विकली जातात, लवकर विकली जातात, आणि म्हणूनच माणूस एकच सूर्यास्त पुन्हापुन्हा रंगवायला लागतो. पगार चालू असेल तर तुम्हाला ओहोटीचा चिखल रंगवायचं स्वातंत्र्य राहतं.

आणि जून-जुलैत घरी बसू नका. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, काही ताडपत्रीखाली, काही दुरुस्तीला. एरवी पाण्याखाली असणारं सगळं तेव्हा उघडं असतं: पठाण म्हणजे तळाचा कणा, वांक म्हणजे बरगड्या, पंखा, सुकाणूचं पातं. होडी बांधायच्या किंवा डागडुजीच्या जागी जा, काम करणाऱ्यांना विचारून बाजूला बसा आणि नुसत्या पेन्सिलीने सांगाडा काढा. फळ्या वांकांवर कशा वळवतात ते पाहिलं की काठाचा तो बाक का येतो ते कळतं. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांना नवा रंग लागतो, तेव्हा पुन्हा एकदा जा आणि त्याच होड्या रंगात काढा. पावसाची छत्री मोठी न्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.