पहिलीच गाडी २३० अश्वशक्तीची?
लायसन्स हातात येताच पुतण्याने विचारलं, "काका, सेकंडहँड ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊ?" स्कोडाची वेगवान सेडान, २३० अश्वशक्ती! म्हटलं, आधी वर्षभर माझी जुनी वॅगनआर चालव. खंबाटकी घाटाच्या चढावर मागे ट्रक चिकटलेला असताना हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) गाडी मागे न सरकवता उचलता आली पाहिजे. उतारावर ब्रेक दाबून न धरता दुसऱ्या गिअरवर उतरता आलं पाहिजे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागायचं अंतर चौपट होतं, हे पायाला कळायला एक पावसाळा जावाच लागतो. तरीही हौस असेल, तर विम्याचा हप्ता आणि चार टायरांची किंमत विचारून ये. (विचारून आलाय. गप्प आहे.) आणि कुठलीही घे, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं), ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारं), एअरबॅग आधी बघ, सनरूफ नंतर.