आइसलँडच्या स्थलांतराच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

गाव सोडून शहरात गेलेल्या माणसाची कथा म्हटली की पार, ओढा आणि मागे राहिलेली आई शोधण्याची सवय आपल्या ग्रामीण साहित्याने आपल्याला लावली आहे. आइसलँडची कादंबरी उघडताना ती बाजूला ठेवावी. तिथे गावठाण नव्हतेच. एकमेकांपासून दूर एकेकटी शेतघरे होती, आणि ज्याला जमीन नाही त्याने कुठल्या तरी शेतघरी वर्षभर चाकरीला राहावे, हा कायद्याचा दंडक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैल होईपर्यंत टिकून होता. १९०२ मध्ये इसाफ्योर्दुर या बंदरगावी मासेमारी होडीला पहिल्यांदा इंजिन बसले, पुढे किनाऱ्यावर रोख मजुरी वाढली. त्यामुळे शेतघर सोडणे हा अनेकांसाठी वियोगाइतकाच सुटकेचाही अनुभव होता.

म्हणून वाचताना आधी हिशेब पाहावा. हाल्दोर लाक्सनेस यांच्या ‘इंडिपेंडंट पीपल’मध्ये (१९३४-३५) गवत, कर्ज आणि मेंढीचा भाव यांचा उल्लेख येईल तिथे पेन्सिलीने खूण करीत जावे. अठरा वर्षे चाकरी करून जमीन घेणारा ब्यार्तुर, वैरण अपुरी पडताच, मेंढ्या वाचवण्यासाठी घरातली गाय मारतो. त्या गाईवर जीव असलेली त्याची आजारी पत्नी त्यानंतर फार काळ जगत नाही. नायकाच्या स्वाभिमानावर भाळलेल्या वाचकाला हा प्रसंग अडचणीचा वाटतो, आणि माझ्या मते तो तसा वाटायलाच हवा. पुढे पहिल्या महायुद्धात भाव चढतात, ब्यार्तुर कर्ज काढून काँक्रीटचे घर बांधतो, भाव कोसळतात आणि जमीन हातची जाते. खुणा केलेल्या असतील, तर हा शेवट नियतीचा खेळ वाटणार नाही.

लाक्सनेस यांच्याच ‘द अ‍ॅटम स्टेशन’साठी (१९४८) मात्र तारखांचा कागद जवळ असावा: मे १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले, जून १९४४ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, १९४६ मध्ये केफ्लाविक विमानतळ अमेरिकेला वापरू देण्याचा करार झाला. उत्तरेकडची उग्ला हार्मोनियम शिकण्यासाठी रेक्याविकला येते आणि एका खासदाराच्या घरी कामाला राहते. या तारखा ठाऊक नसतील, तर त्या दिवाणखान्यातली बोलणी नुसत्या गप्पा वाटतील. ही कादंबरी आटोपशीर आहे, त्यामुळे कालक्रम मोडून आधी हीच वाचायला हरकत नाही.