डेटाबेस बंद नाही, नुसता मंदावलाय: कंटेनरांमधलं नेटवर्क मुद्दाम कसं बिघडवावं

कंटेनर (ॲप किंवा डेटाबेस ज्यात वेगळा चालतो, तो डॉकर या टूलचा ‘डबा’) मारून पाहणं सोपं. ‘डॉकर किल’ केलं की समोरच्या सेवेला बहुधा लगेच एरर मिळते. खरी पंचाईत होते ती डेटाबेस चालू असूनही उत्तर तीन सेकंदांनी येतं तेव्हा. रिक्वेस्ट तुंबतात आणि धडधाकट ॲपही बसतं. ही अवस्था आपल्याच लॅपटॉपवर आणायला ‘पुम्बा’ हे गो भाषेतलं ओपन सोर्स टूल कामी येतं. आतून ते लिनक्सचं ‘टीसी’ (नेटवर्कची वाहतूक नियंत्रित करणारी कमांड) आणि त्यातलं ‘नेटेम’ (विलंब, गळती असे बिघाड आणणारा भाग) वापरतं, म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नेटेमचं मॉड्यूल हवं.

आधी सगळं सुरळीत असताना ॲपच्या कंटेनरमधून ‘डीबी’ला, म्हणजे डेटाबेसच्या कंटेनरला, पिंग करून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा. एकाच मशीनवर हा आकडा एक मिलिसेकंदाच्या आत असतो. तो टिपून ठेवा.

आता कमांड (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची):

पुम्बा नेटेम --ड्युरेशन २एम डिले --टाइम ३००० डीबी

म्हणजे दोन मिनिटं ‘डीबी’तून बाहेर पडणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) ३००० मिलिसेकंद उशिरा. डीबीच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) टीसी नसेल, तर ‘--टीसी-इमेज’ पर्यायाने ते असलेली इमेज द्या. हा पर्याय ‘डिले’च्या आधीच लिहायचा, नंतर नाही.

इथे बरेचजण फसतात: नेटेम फक्त बाहेर जाणारी वाहतूक अडवतं. आत येणारी क्वेरी वेळेवरच पोचते, उत्तर तेवढं रखडतं. शिवाय नवं कनेक्शन असेल, तर टीसीपीच्या हँडशेकलाच (कनेक्शन जोडण्यासाठीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीलाच) तीन सेकंद जातात आणि क्वेरीचे वेगळे. म्हणून टाइमआउट पाच सेकंदांचा ठेवून निर्धास्त असलेलं ॲपही आपटतं. कनेक्शन पूल (आधीच जोडून ठेवलेली, पुन्हा वापरायची कनेक्शनं) असताना आणि नसताना, दोन्ही करून पाहा. फरक बघण्यासारखा असतो.

पॅकेट गाळायची असतील, तर ‘डिले’ऐवजी ‘लॉस --पर्सेंट २०’. एकाच कंटेनरकडे जाणारी वाट बिघडवायची, तर ‘--टार्गेट’ला त्याचा आयपी.

पूर्ण तोडायला पुम्बाची गरजच नाही, ‘डॉकर नेटवर्क डिस्कनेक्ट’ पुरतं. मात्र कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचं टूल) वापरत असाल, तर परत ‘कनेक्ट’ करताना ‘--एलियस डीबी’ हे टोपणनाव द्यायला विसरू नका. नाहीतर ‘डीबी’ हे नाव सापडतच नाही आणि आपण भलत्याच बिघाडाचा माग काढत बसतो.

पुम्बा थांबवायचं, तर कंट्रोल-सी. ‘किल -९’ केलंत, तर साफसफाई न होता विलंबाचा नियम तसाच राहतो. मग तो कंटेनर रीस्टार्ट करा आणि पुन्हा पिंग करून टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहा.