चिखलणीचा ट्रॅक्टर उसाला जुंपण्याआधी: पुढचा एक्सल आणि ब्रेक

आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी या पट्ट्यात एकाच ट्रॅक्टरला वर्षात दोन टोकांची कामं पडतात. जून-जुलैत भाताच्या चिखलणीला गाऱ्यात उतरायचं आणि दिवाळीच्या पुढेमागे उसाची भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागायचं. मधले दोन-अडीच महिने तो गोठ्याशेजारी बऱ्यापैकी उभाच असतो. ट्रॅक्टर फोर व्हील असेल, म्हणजे इंजिनची ओढ चारही चाकांना जात असेल, तर पुढचा एक्सल तपासायचा तो याच दिवसांत. खंडेनवमीला धुऊन हार घालतोच आपण, त्याच्या आठवडाभर आधी जरा तेल बघा.

गाळपाची तारीख काही आपल्या हातात नसते. 2024-25चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025-26चा 1 नोव्हेंबरला. तारीख अशी अलीकडे सरकली की मिस्त्रीच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते आणि मग सील आजच्या आज बसवून द्या, बाकीचं पुढच्या वर्षी बघू, असं होतं.

टू व्हीलचा पुढचा एक्सल म्हणजे एक आडवा दांडा आणि दोन हब (चाक बसतं तो भाग). फोर व्हीलमध्ये मधे डिफरन्शियल (ओढ दोन्ही चाकांत वाटणारे गिअर), दोन्ही टोकांना हबचे गिअर आणि हे सगळं तेलात. त्या तेलाची राखण करतं हबमागचं सील, म्हणजे रबरी ओठाचं कडं. तासभर काम करून तापलेला एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढू बघते. हवेला ये-जा करता यावी म्हणून एक्सलवर ब्रीदरची छोटी टोपी असते. ती मातीनं बुजली की ओढ सगळी सीलवर येते आणि पाणी तिथून आत शिरतं. उलट एक्सल गरम झाल्यावर आतला दाब तेलाला त्याच वाटेनं बाहेर ढकलतो. सील नवं टाकलं तरी महिन्याभरात पुन्हा गळतंय, अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर मी आधी ब्रीदर बघतो. टोपी काढून डिझेलनं धुवायला पाच मिनिटं लागतात.

तेल बघायची रीत अशी. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवा. सकाळी चालू न करता हबचा आणि डिफरन्शियलच्या मधल्या घराचा खालचा प्लग अगदी हळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी जड, ते तळाला बसतं, त्यामुळे आत असेल तर पहिले थेंब पाण्याचे येतात. तेल काळपट सोनेरी असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी घुसळून मिसळलंय, ते तेल सगळं काढायचं. तेल बदलताना प्लग पूर्ण निघाला आणि त्याला चुंबक असेल तर त्यावरचा लेप बोटावर घासून बघा. करडी मलमासारखी पेस्ट ही नेहमीची झीज. नखाएवढा टोकदार तुकडा सापडला तर मात्र हब उघडल्याशिवाय गाडी हलवू नका. पाणी निघालेल्या हबमध्ये नवं तेल टाकून दोन-चार तास काम करा आणि ते परत बदला. पहिल्या तेलात उरलेलं पाणी उतरतं. कोणतं तेल आणि किती, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याचं ऐकून भरू नका. बऱ्याच एक्सलमध्ये हबचं आणि मधल्या घराचं तेल वेगळं भरावं लागतं. एकीकडे ओतलं की सगळीकडे गेलं, असं समजून लोक फसतात.

एक वर्ष मीच फसलो. डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसत होता, ग्रीस असेल म्हणून सोडून दिलं. डिसेंबरात चाक काढलं तर हबमागे खताच्या पोत्याची प्लॅस्टिकची सुतळी गुंडाळलेली. चिखलणीत कधीतरी ती अडकली, फिरत फिरत सीलच्या ओठात शिरली आणि रबर कापत गेली. ज्या जागेवर सील फिरतं तिथं नख फिरवलं तर नख अडकत होतं, एवढी खाच पडलेली. खाच पडलेल्या जागेवर नवं सील टिकत नाही. आता चिखलणी संपली की त्या संध्याकाळीच दोन्ही हबमागे हात घालून बघतो. सुतळी, ठिबकची नळी, गवत, काही ना काही निघतंच. आणि प्रेशरच्या पाण्याचा झोत सीलवर आणि ब्रीदरवर धरू नका. धुताना चिखल आत जातो तो असा.

आता उचलायचं. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे जॅक लावला की ट्रॅक्टर एका अंगाला कलू शकतो. आधी एक्सल आणि चॅसिस यांच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि उचलल्यावर खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर एक्सलखाली डोकं घालू नये. विटा तर अजिबात नकोत, त्या फुटतात.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) किंवा हबचं बेअरिंग सैल आहे. डावी-उजवीकडून हलवल्यावर हलत असेल तर आधी टाय रॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड बघा. मधली पिन आणि तिचे बुश पहारीनं उचलून तपासा. पुढच्या एक्सलला ओढ देणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटमध्ये हाताला खेळ लागला तर तो बदला, आणि खोलण्याआधी दोन्ही तोंडांवर खुणा करून ठेवा. सील, एंड, बुश हे घरी जमण्यासारखं आहे. डिफरन्शियलचं सेटिंग मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

ब्रेककडे सगळे उशिरा वळतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात. ओढायला चार चाकं, थांबवायला दोन. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक सहसा नसतातच, आणि उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलत असते. चिखलणीत वळताना एकेरी पेडल मारून मारून एक बाजू जास्त झिजलेली असते. म्हणून दोन्ही पेडलांचा मोकळा खेळ पुस्तकाप्रमाणे सारखा करा, मग दोन्ही एकत्र जोडून रिकाम्या मैदानात हळू चालवत ब्रेक मारा. मातीवर दोन्ही चाकांचे ओरखडे सारखे उमटले पाहिजेत. एकाच बाजूला ओढत असेल तर रस्त्यावर नेऊ नका. पेडलाच्या बुशात चिखल वाळून बसला की पेडल पूर्ण परत येत नाही, ब्रेक घासत राहतो आणि तापतो. तिथं ग्रीस आणि नवी स्प्रिंग एवढंच काम असतं.

तेलातले ब्रेक असतील तर कंपनीनं सांगितलेलंच तेल वापरा, नाहीतर ब्रेक किंचाळायला लागतात. कोरडे असतील आणि मागच्या सीलमधून लायनिंगवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर) तेल उतरलं असेल तर पेट्रोलनं पुसून काम भागत नाही, सील आणि लायनिंग दोन्ही बदलावं लागतं. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

उसाच्या ओल्या सरीतून बाहेर निघेपर्यंत फोर व्हील लावा, डांबरीला लागलात की काढा. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील असंच गिअरचं गणित असतं. मातीत तो फरक निसरडेपणात जिरतो, डांबरीवर तो टायरवर आणि एक्सलवर येतो. पुढचे टायर बदलताना दुसऱ्या मापाचे घेऊ नका, तेच गणित बिघडतं. उतारावर पेडल जोडलेली, गिअर खालचा आणि पाय क्लचवरून बाजूला.

पहिली खेप टाकून परत आलात की चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला, तर दुसरी खेप भरण्याआधी त्याचा प्लग उघडा.