धार आहे, पण चेन लाकूड घेत नाही

अमरावतीच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात चेनसॉ चालवणारी पोरं आता गावोगाव दिसतात. आंबिया बहराची फळं उतरली की सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायची कामं निघतात, डिंक्या रोगानं वाळलेली संत्र्याची झाडं बुडापासून काढायची असतात, उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळी असतात. मी हेच काम करतो आणि आजूबाजूच्या गावांतल्या मशीनही दुरुस्त करतो. मशीन कशी सुरू करायची, गोल कानस कशी मारायची, हे नव्या पोराला कुणी ना कुणी दाखवतंच. चपटी कानस मात्र फार थोडे जण त्याच्या हातात देतात. ती डेप्थ गेजसाठी, म्हणजे चेनच्या दातापुढच्या बोथट उंचवट्यासाठी असते. बरेच जण त्याला रेकर म्हणतात, मीही पुढे तसंच म्हणतो.

माझ्याकडे येणारी नेहमीची तक्रार अशी: "कानस तं आत्ताच मारली भाऊ, तरी मशीन लाकूड घेत नाही." मी आधी चेनकडे बघत नाही, भुसा कसा पडतो ते विचारतो. धार आणि रेकर दोन्ही बरोबर असतील तर आडव्या कापात जाडसर ढलप्या पडतात, चिमटीत धरता येतील अशा. पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, तर एक तर धार गेलेली असते किंवा रेकर उंच राहिलेला असतो. दातावर नख ओढल्यावर नखाचा पापुद्रा निघाला, म्हणजे धार आहे. मग दोष रेकरचाच.

दात नीट जवळून बघा. मागे कापणारा दात, त्याच्या पुढे बोथट उंचवटा, मधे खाच. हा उंचवटा म्हणजे रेकर. तो स्वतः काही कापत नाही. लाकडावर टेकून दाताला किती खोल जाऊ द्यायचं, तेवढं तो ठरवतो. सुताराच्या रंध्यात पातं तळाच्या जितकं बाहेर काढावं तितकी ढलपी जाड निघते, तोच हिशेब इथे. दात आणि रेकर यांच्या उंचीतला फरक म्हणजेच ढलपीची जाडी.

आता खरी गोम. दाताचा वरचा पत्रा मागे उतरता असतो. गोल कानस मारली की दात आखूड होतो आणि उतारामुळे थोडा बुटकाही होतो. रेकर मात्र होता तिथेच राहतो. चार-पाचदा धार लावून झाली की दोघांच्या उंचीतला फरक कमी होतो. दात वस्तऱ्यासारखा लागत असला तरी लाकडात पुरेसा शिरत नाही. मग माणूस मशीन दाबायला लागतो. दाबलं की चेन जिच्यावर फिरते ती पट्टी तापते, चेन ढिली पडते, क्लचवर ताण येतो, पेट्रोल जळतं आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. मशीन जुनी झाली म्हणून विकायला काढलेली पाहिली आहेत मी, आणि त्यातल्या कित्येकींचे रेकर फक्त उंच होते.

फरक किती ठेवायचा? आपल्याकडच्या मशीनवर बहुतेक 3/8 लो प्रोफाइल किंवा 0.325 पिचची चेन असते (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर, इंचात). दोन्हींना साधारण ०.६५ मिमी, म्हणजे इंचाचे २५ हजारांश. काही कंपन्या रेकरवरच २५ असा आकडा कोरतात. छोट्या चेनना याहून कमी लागतो, म्हणून चेनचा डबा फेकू नका, त्यावर माप छापलेलं असतं. गोल कानसही पिचनुसार बदलते: लो प्रोफाइलला ४ मिमी, 0.325 ला ४.८ मिमी.

हे माप डोळ्यांनी कळत नाही. अर्धा-पाऊण मिलिमीटर नजरेनं ओळखतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गेजची पट्टी फार महाग नसते, कानस घ्याल त्याच दुकानात ती मिळते. तिचे दोन प्रकार असतात. एक पट्टी दोन-तीन दातांवर आडवी बसते. सगळे दात सारख्या लांबीचे असतील तरच ती खरं माप देते. दुसरी एकाच दातावर टेकते आणि त्या दाताच्या उंचीवरून त्याच्याच पुढच्या रेकरचं माप सांगते. शेतातल्या मशीनवर दात क्वचितच सारखे असतात. एखादा दगडाला लागलेला असतो, एखाद्याला तारेचा खिळा लागलेला असतो. त्यामुळे मी नव्या माणसाला दुसऱ्या प्रकारची पट्टी घ्यायला सांगतो.

कामाची रीत अशी ठेवा. मशीन बंद, हातात मोजे, मशीनची पट्टी वाइसमध्ये किंवा खोडात काप घेऊन घट्ट अडकवलेली. चेन थोडी ताणून घ्या, नाहीतर दात कानसेखाली हलतो. आधी गोल कानसेनं सगळ्या दातांना धार लावा, रेकर नेहमी नंतर. कारण धार लावताना उंची बदलते, आधी घेतलेलं माप फुकट जातं. पहिल्या रेकरच्या डोक्यावर मार्करची शाई लावा. गेज ठेवा. गेजच्या खाचेतून रेकरचं टोक वर आलेलं दिसलं तर चपटी कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं मारा. दोन हात मारले की शाईकडे बघा. शाई एका बाजूनंच गेली असेल तर कानस तिरपी धरली आहे. कानस गेजच्या पट्टीला लागून घसरायला लागली की थांबा. तिथून पुढे लोखंड काढायचं नसतं.

मग एक काम उरतं, आणि नेमकं तेच सुटतं. माथा सपाट झाला की रेकरची पुढची कड टोकदार होते. ती पहिल्यासारखी गोल उतरती करा, माथ्याची उंची न बदलता. टोकदार रेकर लाकडावर घसरण्याऐवजी आदळतो आणि मशीन हातात थडथडते.

कानस न चावता रेकरवरून नुसती निसटत असेल, तर उंच रेकर घासून घासून तापला आहे आणि कडक झाला आहे. निळसर डागही दिसतो. तिथे नवी कानस घ्या. ग्राइंडर लावू नका, तो आणखी तापवतो आणि एका क्षणात जास्त खातो.

जास्त घासण्याची भीती मी मुद्दाम घालतो. रेकर खाली गेला की दात झेपेल त्यापेक्षा जास्त लाकूड ओढतो. वाळलेल्या बाभळीत मशीन झटके देते, मधेच बंद पडते, चेन तुटू शकते. सगळ्यात वाईट म्हणजे मशीनच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला की मशीन उलटून तोंडाकडे येते, आणि खाली गेलेला रेकर तो धोका वाढवतो. सल काढताना टोक फांद्यांत सतत कुठे ना कुठे लागतंच. "रेकर उतरवले की मशीन पळते" असं सांगणारे भेटतील. मऊ लाकडात थोडा वेळ पळतेही. बाभूळ, चिंच, संत्रा यांत छापील मापाच्या खाली एक हातही मारू नका. चुकून खाली गेलाच, तर दात मागे घासत नेऊन फरक पुन्हा आणता येतो, पण चेनचं आयुष्य तेवढं कमी होतं.

काप एका बाजूला वळत असेल तर डाव्या-उजव्या दातांची लांबी आणि रेकर, दोन्ही ताडून बघा. तरीही वळत असेल तर बहुतेक मशीनची पट्टी घासलेली असते.

पावसाळ्यानंतर बुडाशी काळी माती वाळून चिकटलेली असते. काप घेण्याआधी ती कुऱ्हाडीनं खरवडून टाका. एका मिनिटाच्या त्या कामानं धार जास्त वेळ टिकते, आणि धार टिकली की रेकर घासायची पाळीही लांबते. दातावर मागच्या बाजूला घसाऱ्याची रेघ असते. धार लावता लावता तिथवर पोचलात की नवी चेन घ्या, आणि नव्या चेनचे रेकर पहिल्या काही धारांपर्यंत तसेच राहू द्या.