सायकलचा आवाज नेमका कुठून येतोय, हे शोधायची रीत

सायकल कुरकुरायला लागली की बहुतेक जण एकतर दिसेल तिथे तेल सोडतात, नाहीतर आवाजाची सवय करून घेतात. मला दोन्ही पटत नाही. कुठेतरी दोन भागांच्या मध्ये फट पडली आहे, धूळ शिरली आहे किंवा कोरडं घर्षण होतं आहे, म्हणून आवाज येतो. तो कुठून येतो हे शोधत संध्याकाळी निवांत फेरी मारायची, घरी येऊन एकच बोल्ट सोडवायचा, पुसायचा, बसवायचा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन ऐकायचं. सायकल चालवणं आणि सायकल खोलणं हे दोन वेगळे छंद आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

हत्यारं थोडीच लागतात. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की, पॅडलसाठी १५चा पान्हा, ८ आणि १०चे साधे पान्हे, स्पोकची चावी, स्टीलची पट्टी, चेनचं तेल, थोडं ग्रीस आणि भरपूर सुती चिंध्या. चिंध्या मी मुद्दाम शेवटी लिहिल्या, पण अर्धे आवाज नुसतं पुसून परत बसवल्यावर जातात.

कामाला लागण्याआधी आवाजाची लय पकडा. रिकामा, सपाट रस्ता निवडा. शेजारून लांब भिंत जात असेल तर फारच उत्तम, कारण भिंतीजवळून हळू चालवलं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एरवी न जाणवणारी बारीक टिकटिकही स्पष्ट ऐकू येते. आता पॅडल मारता मारता थांबा आणि सायकल तशीच जाऊ द्या. आवाज चालू राहिला तर तो चाकात, ब्रेकमध्ये किंवा मडगार्डमध्ये आहे. पॅडल थांबताच आवाजही थांबला तर पॅडल, क्रँक (पॅडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा) किंवा चेन बघायची. पुढची पायरी म्हणजे उभं राहून पॅडल मारणं. बसल्यावर येणारा आवाज उभं राहिल्यावर गेला, तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेममध्ये शिरणारी नळी). मग एकाच पायाने पॅडल मारून बघा, आधी उजव्या, नंतर डाव्या. एवढ्या तीन-चार चाचण्यांत निम्मी सायकल संशयातून सुटते.

त्यानंतर मोजणी. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ झालं तर पॅडल, क्रँक किंवा मधलं बेअरिंग (दोन्ही क्रँकच्या मधे, फ्रेमच्या आत असतं ते). चाकाच्या फेरीला एकदा झालं तर टायर, रिम किंवा स्पोक. ७०० सी या मापाच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो, म्हणजे तेवढ्या अंतराने आवाज येत राहील. आणि अडीच-पावणेतीन पॅडलफेऱ्यांनी एकदाच काहीतरी अडखळत असेल, तर ती हमखास चेन. समजा चेनला अर्ध्या इंचाच्या ११२ कड्या आहेत आणि पुढच्या चक्राला ४४ दाते. मग पूर्ण चेन एकदा फिरायला पॅडलच्या साधारण अडीच फेऱ्या लागतात, आणि अडकलेली एकच कडी तेवढ्या वेळाने परत परत हजेरी लावते. ही मोजदाद मला फार आवडते. सायकल चालवता चालवता, काहीही न खोलता, आपण नेमक्या भागापर्यंत पोचलेलो असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. माझी भाची तिची सायकल घेऊन आली होती. म्हणाली, “आत्या, पायाखाली सारखं कटकट वाजतंय, मधलं बेअरिंग बदलावं लागेल का?” तिला उभं राहून चालवायला लावलं आणि कटकट बंद. बेअरिंग ठणठणीत होतं, सीटपोस्टवर वाळलेल्या मातीचं कडं साचलं होतं. म्हणून सुरुवात नेहमी सोप्या आणि फुकटच्या कामापासून करायची, महागडा भाग शेवटी.

त्यात सगळ्यात आधी किरकोळ खडखड. बाटलीच्या स्टँडचे बोल्ट, मडगार्डच्या काड्या, दिव्याचा क्लॅम्प, फ्रेमवर आपटणारी केबल, रिमवर सैल झालेली व्हॉल्व्हची चकती, सीटखालच्या पिशवीतली हत्यारं. एकेक वस्तू बोटांनी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सायकलवर थापट्या मारा. ज्यावर बोट ठेवल्यावर खडखड थांबते, तीच.

सीटपोस्ट काढण्याआधी तो फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टीचा वेढा द्या, म्हणजे उंची हरवणार नाही. पोस्ट बाहेर काढून पुसा, नळीचं तोंड आतून पुसा, पातळ थर ग्रीस लावा, परत बसवा. कार्बनच्या पोस्टला किंवा फ्रेमला ग्रीस लावू नका, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. सीटच्या खालच्या दोन दांड्या क्लॅम्पमध्ये जिथे बसतात तीही जागा पुसून घ्या. काम निघालंच आहे तर उंचीही तपासा. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. पोस्टवरची किमान खोलीची खूण मात्र फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

पॅडलच्या आट्यांमध्ये डावं-उजवं असतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, कारण साधे आटे ठेवले तर चालवता चालवता ते पॅडल आपोआप सैल होत जातं. लक्षात ठेवायचा सोपा उपाय असा की पान्हा पॅडलच्या दांड्यावर सरळ वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही बाजूंचं पॅडल तसंच सुटतं. आटे पुसा, ग्रीस लावा, सुरुवातीचे आटे हातानेच बसवा आणि मग पान्ह्याने घट्ट करा. जुन्या धाटणीच्या सायकलला कॉटर पिन, म्हणजे क्रँक मधल्या दांड्यावर पक्की धरणारी खीळ, असते. ती झिजली की पॅडलच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला पायाला हलका झोल जाणवतो. तिथे ठोकत बसू नका, पिन नवीनच घाला.

आता चेन. इथे घाई करू नका.

कोरडी चेन चिवचिवते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेल कुठे हवं हे फार थोड्यांना. हान्स रेनॉल्डने १८८० साली बुश-रोलर चेन आणली, आणि आजच्या सायकलची चेनही त्याच वंशातली. पिनवर बुश, बुशवर फिरणारा छोटा रोलर. घर्षण होतं ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांना तेलाची गरज जवळपास नसते. म्हणून आधी चिंधी चेनभोवती धरून पॅडल उलटं फिरवा, काळं निघणं कमी होईपर्यंत. मग चेनच्या खालच्या पदराला, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. घाई असेल तर हे काम उद्यावर टाका. थेंब सोडून झाले की तेल आत उतरायला वेळ द्या, जमलं तर रात्रभर, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलात धूळ मिसळली की तिचा गाळ होतो आणि तोच चेनला झिजवतो. नीट तेल दिलेली चेन हाताला जवळजवळ कोरडी लागते.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरे. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये २४ कड्या पुढे, बरोबर १२ इंचांवर, पिनचा मध्य येतो. तो सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, पुढे सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच सरकला असेल तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही बहुधा त्या लांब झालेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, आणि नवी चेन त्यांवर घसरते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं, पिना झिजून प्रत्येक सांध्यात जरा जरा मोकळीक आलेली असते.

अडकलेली कडी शोधायला पॅडल अगदी सावकाश उलटं फिरवा आणि फ्रीव्हीलवरून बाहेर पडणाऱ्या चेनकडे बघा. बाकीच्या कड्या सरळ होतात, ही एक वाकडीच राहते आणि उडी मारते. तिच्यावर थेंबभर तेल सोडा, दोन्ही बाजूंना अंगठे लावून चेन आडवी, अगदी हलकी, इकडेतिकडे वाकवा. कडी सुटल्याचं अंगठ्यांना कळतं.

चाकाची घासघास म्हणजे बहुतेक वेळा चाकाला आउट आलेला असतो, म्हणजे रिम एका बाजूला कललेली असते, आणि आउट काढणं हे मला सायकलमधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी ठेवा (हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उलटी न करता मागून टेकू द्या). चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. तेच आपलं मापयंत्र. डिस्क ब्रेक असेल तर फ्रेमला एक काडी बांधून तिचं टोक रिमच्या जवळ आणा. रिम ज्या जागी उजव्या रबराला लागते तिथे खडूने खूण करा. त्या जागी डाव्या बाजूच्या हबकडून (चाकाच्या मधल्या भागाकडून) आलेले स्पोक थोडे आवळायचे, उजव्या बाजूचे थोडे सैल करायचे. थोडे म्हणजे पाव फेरी, जास्त नाही. टायरच्या बाजूने पाहिलं तर निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरचं छोटं नट) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर स्पोक आवळतो. निपल गंजल्यासारखं अडलं तर स्पोक जिथे आत शिरतो तिथे तेलाचा एक थेंब सोडून थांबा, जोर लावलात तर निपलचे कोपरे झिजतील. पाव फेरी, चाक फिरवा, बघा. पुन्हा पाव फेरी. मघाशी जिथे रबर खर्र करत होतं तिथून रिम हवेतून गेल्यासारखी सरकायला लागते, तेव्हा थांबावंसं वाटतच नाही. पण थांबायचं. अर्ध्या मिलिमीटरचा आउट रस्त्यावर कुणालाही जाणवत नाही.

अधूनमधून स्पोक नखाने छेडून बघा. पुढच्या चाकात रिम ब्रेक असेल तर सगळ्या स्पोकांचा सूर साधारण सारखा हवा. गिअरच्या मागच्या चाकात उजवी बाजू जास्त ताणलेली असते, म्हणून तिचा सूर वरचा लागतो. तिथे एका बाजूचे स्पोक आपसांतच ताडून बघा. एखादा स्पोक तारेऐवजी दोरी छेडल्यासारखा मुका वाजला तर तो सैल आहे, आउट नसला तरी. शेवटी स्पोकांच्या जोड्या हाताने दाबून घ्या. पिळलेले स्पोक तिथेच ‘टिंग’ करून सरळ होतात, नाहीतर ते टिंगटिंग पहिल्या फेरीत ऐकू येतं.

हे करताना रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूवरून बोट फिरवा. ती आत खोलगट झाली असेल किंवा स्पोकच्या भोकाशी तडा दिसत असेल, तर तिथे मेहनत करू नका, रिम बदला. फ्रेमच्या जोडाजवळ रंगाला बारीक रेघ दिसली तरी सायकल चालवणं थांबवून जाणकाराला दाखवा.

ब्रेक किंचाळत असेल तर आधी रिम आणि रबर स्पिरिटने पुसा, रबरात रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढा. तरी किंचाळला तर रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल अशी ठेवण द्या. मागच्या टोकाखाली जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा धरून रबर आवळलं की ठेवण आपोआप जमते. डिस्कच्या आसपास तेलाचा फवारा अजिबात नको. डिस्क सारखी घासत असेल तर कॅलिपरचे (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि दाबलेल्या अवस्थेतच बोल्ट आळीपाळीने आवळा.

राहिली बेअरिंगं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी बोटं ठेवल्यावर ‘ठक्’ जाणवलं तर तिथलं बेअरिंग सैल आहे. चाक हातात धरून आडवं हलवल्यावर झोल लागला तर हबचे कोन (बेअरिंगच्या गोळ्यांना दाबून धरणारी शंकूसारखी नटं) बघा. कोन पातळ पान्ह्याने जागेवर धरायचा आणि बाहेरचं नट त्यावर आवळायचं. झोल जाईल इतपतच, चाक जड होऊ न देता.

सगळं आवळून झाल्यावर दोन्ही ब्रेक दाबून बघा, दोन्ही चाकांचे नट तपासा. मग पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं उचला आणि सोडा, तसंच मागचंही. धप्प असा टायरचाच आवाज आला तर निघा, आणि खडखडला तर आधी बाटलीचा स्टँड बघा. फेरी त्याच रस्त्यावर, त्याच भिंतीजवळून मारा. मोठा आवाज गेल्यावर त्याच्याखाली दबलेला एखादा बारीक आवाज आता ऐकू येईल. त्याचीही लय मोजून ठेवा, पण तो पुढच्या सुट्टीला.